उन्हात घातलेले बस्ते

वर्धा, ६ मे १९५७

आजपासून मी सरकारी माणूस, उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती का होईना. कॉलेजातून दोघांना कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्डखोलीत काम शिकायला पाठवलं आहे, मला आणि घनश्याम सिडामला. विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हापासून जुन्या मध्य प्रदेशाच्या कागदांची लावालाव चालली आहे, आणि जूनमध्ये मुंबईचे साहेब तपासणीला येणार आहेत. तेवढ्यासाठी फुकट राबणारी पोरं हवी होती. प्राचार्य त्याला राष्ट्रकार्य म्हणाले. म्हणोत बापडे.

खरी गोष्ट मी जिच्याकडे राहते त्या मावशीलाही सांगितलेली नाही. रेकॉर्डखोलीत कारकुनाची एक जागा रिकामी आहे आणि सुट्टी संपताना आम्हा दोघांपैकी एकाला ती मिळेल. ती मला हवी आहे. रोहण्याहून बाबांचा निरोप आलाच आहे की वडनेरचं स्थळ यंदा हातचं घालवायचं नाही. वडनेरचा तो माणूस बिजवर. पहिली बायको जाऊन वर्ष झालं नाही आणि त्याला गोठा सांभाळणारी हवी आहे. नोकरी लागली तर बाबा माझं ऐकतील, कारण सरकारी शिक्क्यापुढे ते नेहमीच नरम पडतात. नाही लागली तर मी वडनेरला शेण काढते आहे असं समजावं.

हेडक्लार्क वासुदेवराव, त्यांना इथं सगळे बडेबाबू म्हणतात, माझं अक्षर पाहून म्हणाले, "पोरी, तुयं अक्षर छापल्यावानी हाये." घनश्यामचं पाहिलं आणि पानाची चंची उघडली. मला त्याची दया आली. खरं लिहायचं तर दया कमी आणि आनंद जास्त.

८ मे

रेकॉर्डखोली लांबोडकी, कौलारू. दोन्ही अंगांना छतापर्यंत लाकडी फळ्या आणि त्यांवर लाल खारव्यात बांधलेले बस्ते. एका गावाचा एक बस्ता. शेत कोणाचं, गुरं कुठं चारायची, पाणी कोणत्या घाटावर भरायचं, सगळं त्यात. कसर लागू नये म्हणून पानापानांत निंबाचा पाला घालतात, त्यामुळे खोलीला दवाखान्याचा वास आहे.

दर वैशाखात बस्ते उन्हात घालायचे असा इथला रिवाज. बडेबाबूंचा नियम असा, की एका वेळी एकच गाव सोडायचं. कचेरीमागच्या अंगणात पानं ओळीनं मांडायची, प्रत्येकावर गोटा ठेवायचा, ऊन दाखवून झालं की त्याच ओळीनं उचलायची, पाला घालून बांधायची आणि मगच दुसरं गाव. कारण गावाचं नाव फक्त वरच्या पानावर असतं. आतली पानं दुसऱ्या गावाच्या पानांत गेली की गेली.

घनश्याम हे काम देव्हारा पुसल्यासारखं करतो. प्रत्येक पान वाचतो. मी म्हटलं, वाचायला सांगितलं नाही, वाळवायला सांगितलं आहे. तो म्हणाला, "वाचल्याबिगर कोण्या गावचं हाये ते कसं समजन?" मग पुन्हा वाचत बसला. त्याचे वडील कारंज्याकडच्या रानात लाकूडतोडीला जातात. तिकडे राहून हा बी. ए. पर्यंत आला म्हणजे चिवट आहे. चिवट माणसांची मला भीती वाटते.

११ मे

या चालीनं दिवाळी येईल. साहेबांची तारीख जवळ आली म्हणून बडेबाबू चिडचिड करतात आणि चपराशी तानबावर ओरडतात.

आज सकाळी मावशीनं अंगणात कुरड्या घातल्या. चार खाटा, त्यांवर जुनी लुगडी, सगळ्या कुरड्या एकदम. मावशी काही एकेक कुरडई वाळवून मग दुसरी घालत नाही. कचेरीत गेल्या गेल्या मी बडेबाबूंना म्हटलं, अंगण मोठं आहे, एकदम बारा-पंधरा गावं मांडली तर आठवड्यात सगळं होईल. मध्ये दोरी लावू. बडेबाबू खूश झाले. "डोकं हाये पोरीले," म्हणाले.

घनश्याम नको म्हणाला. "बडेबाबू, वारा आला तं? तुमचाच नियम हाये ना एका गावचा?" बडेबाबूंना आपला नियम आपल्यालाच कोणी सांगितलेला आवडत नाही. ते म्हणाले, "नियम म्याच केला, म्याच बदलवून राह्यलो. तुले काऊन तरास?"

माझी युक्ती चालली. फार दिवसांनी पोटभर जेवले.

१४ मे

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी अंगणभर पानं मांडली होती. आर्वी तालुक्यातली बरीच गावं, मध्ये दोऱ्या. ऊन असं की गोट्यांना हात लावता येत नव्हता. पाला संपला म्हणून मी घनश्यामला कचेरीपुढच्या निंबावरून आणायला पाठवलं. तो म्हणाला, इथं दोघं असलेले बरे, तानबाला पाठवू. मी म्हटलं, तानबा चहा घेऊन गेला आहे, तू जा, मी उभी आहे. तो गेला. तेवढ्यात बडेबाबूंनी आतून हाक मारली, डिप्टी साहेब आले होते आणि त्यांना माझं अक्षर दाखवायचं होतं. मी गेले. साहेबांनी माझं नाव विचारलं.

वावटळ आली ती मी आतून ऐकली. बाहेर आले तर अंगणात एक पान जागेवर नव्हतं. कौलांवर, विहिरीत, रस्त्यावर टांगेवाल्यांच्या पायात. घनश्याम हातातला पाला टाकून धावत होता, तानबा धावत होता, मीही धावले. एक पान तर एका घोड्यानं तोंडात धरलं होतं. तासाभरात जमेल तेवढं जमवलं. सगळा एक ढीग. वरची नावाची पानं वेगळी, आतली वेगळी.

मी रडले. साहेब आतून पाहत नव्हते, एवढं बरं.

१५ मे

बडेबाबू रात्रभर झोपले नसावेत, डोळे लाल होते. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "आता ऐका. मापानं लावा. लांब पानं एका बस्त्यात, आखूड दुसऱ्यात. वरतून नावाचं पान ठेवा आन बांधून टाका. पन्नास वर्सात कोणी वाचले नाई हे बस्ते, आता कोण वाचून राह्यलं?"

घनश्याम म्हणाला, साहेबांना सांगू, आम्ही वाचून वाचून लावतो, सुट्टी पूर्ण घालवू. बडेबाबू म्हणाले, "मायी पेन्शन जवळ आली, बाबू. तुले सांगायचं असन तं मी मेल्यावर सांग."

मापानं लावले. बस्ते आता पहिल्यापेक्षा नीटनेटके दिसतात. खरंच दिसतात.

२१ मे

नकलेसाठी आज एक बाई आली. भागाबाई, उमरझरीची, घनश्यामच्याच समाजाची. पायांत वहाणा नाहीत, कमरेला पिशवी. तिनं थेट मला विचारलं, "बाई, आमच्या गावचा वहिवाटीचा कागद मिळन का?" जुन्या जमीन-बंदोबस्ताच्या मोजणीवेळी प्रत्येक गावच्या चालीरीती लिहून ठेवल्या होत्या, त्याला ती वहिवाटीचा कागद म्हणत होती. उमरझरीच्या कागदात लिहिलं आहे म्हणे, की नाल्याकाठची मोहाची झाडं कोणत्या घरानं वेचायची. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेल्यावर जुन्या मालगुजारानं ते रान आपल्या घरच्या शेतात दाखवलं आणि ठेकेदाराला दिलं. यंदा वेचायला गेलेल्या बायकांच्या टोपल्या ठेकेदाराच्या माणसांनी ओतून घेतल्या.

"आमी आठ घरं त्या मोहावरच पावसाळा काढतो बाई. सतरा जूनले आर्वीच्या साहेबापुढं पेशी हाये. साहेब म्हणे, कागद आण, झाडं तुमचे. नाई आणला तं मालगुजाराचे."

घनश्याम तिच्याशी त्यांच्या बोलीत बोलायला लागला. मला एक अक्षर कळेना. कचेरीत असं बोलू नये एवढं तरी त्याला कळायला हवं.

मी उमरझरीचा बस्ता काढून सोडला. वर नावाचं पान उमरझरीचं. आत कोणा दुसऱ्याच गावच्या विहिरी.

तिला म्हटलं, शोध चालू आहे, पुढल्या महिन्यात या.

२५ मे

घनश्यामला वेड लागलं आहे. सकाळी कचेरी उघडायच्या आत येतो आणि एकेक बस्ता सोडून पान पान वाचतो. भागाबाईनं त्याला आठ घरांची आडनावं आणि झाडांची नावं सांगितली आहेत. त्यांच्यात झाडांनाही नावं असतात. ती पानावर दिसली की उमरझरी. वाचून झालेल्या बस्त्याच्या फळीवर खडूनं फुली मारतो आणि आतली पानं ज्या त्या गावात नेऊन ठेवतो. आर्वीच्या फळ्यांपैकी वरची रांग झाली, मधली निम्मी झाली.

मला म्हणाला, "नलूबाई, तुमी खालच्या रांगेतून सुरू करा, मी वरतून येतो. मधात भेटू." सहज म्हणाला, हसून. मी म्हटलं, साहेबांच्या तपासणीची सूची कोण लिहिणार? ते खरं आहे. सूची मलाच लिहायची आहे, माझं अक्षर चांगलं आहे.

मावशी म्हणाली, वडनेरचे लोक गुरुवारी येतील बघायला. मी म्हटलं पाय दुखतो. ती म्हणाली, पाय नाही बघत ते, तोंड बघतात.

३१ मे

वडनेरचे आले होते. तो स्वतःही आला होता. मला विचारलं, "म्हशी धुता येतात का?" मला वाटत होतं गोठ्याचं हे माझ्या मनचंच आहे. त्यानं खरंच विचारलं. बाबा रोहण्याहून आले होते, ते मान डोलावत होते. मी म्हटलं, कलेक्टर कचेरीत जागा मिळणार आहे मला. बाबा थांबले. म्हणाले, "पक्की?" मी म्हटलं पक्की. "मंग हुकूम येऊ दे. पंधरा दिवस थांबतो." वडनेरच्यांना नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत.

पंधरा दिवस.

१ जून

घनश्याम आज म्हणाला, एकट्यानं सतरा तारखेच्या आत होणार नाही, आपण साहेबांना खरं काय ते सांगू आणि आणखी माणसं मागू. "काय होईन? रागावतीन. कागद तं सापडन."

मी म्हटलं, तुझं काय जातं. त्याला ते टोचलं असावं. म्हणाला, "मायं? मायं बी जाईनच ना. जागा दोघायपैकी कोणालेच नाई मिळणार. पण थे आठ घरं, नलूबाई."

किती मोठेपणा. ज्याला घरी परत जायला रान आहे तो मोठेपणा करू शकतो. मला वडनेर आहे. जागा त्यालाही हवी आहे हे मला माहीत आहे, त्याची धाकटी बहीण कारंज्याच्या शाळेत आहे आणि तिला तो इथं आणणार होता. मग हे सत्यवचन कशाला? मला अडचणीत आणून आपण प्रामाणिक ठरायचं, असाच काही डाव असणार.

३ जून

बडेबाबूंना सांगणं भागच होतं. घनश्याम विनापरवानगी बस्ते सोडतो, पानं इकडची तिकडे नेतो, फळ्यांवर फुल्या मारतो आणि एका अर्जदार बाईशी परक्या बोलीत काय काय बोलतो. यातलं एकही खोटं नाही. सगळं डोळ्यांदेखत झालेलं आहे.

बडेबाबू बराच वेळ चुना मळत बसले. मग म्हणाले, "म्हंजे पानं यानंच घोळली, असं ना?" मी काही बोलले नाही. गप्प राहण्याला हो म्हणत नाहीत.

५ जून

डिप्टी साहेबांपुढे चौकशी झाली. मला वावटळीचं विचारलं. मी सांगितलं की त्या वेळी साहेबांनीच मला आत बोलावलं होतं, अंगणात घनश्यामची जबाबदारी होती आणि तो पाला आणायला म्हणून जागा सोडून गेला. पाल्याला त्याला कोणी पाठवलं होतं ते आता नीट आठवत नाही. धांदलीत कोणाला काय आठवतं? आणि इतकी गावं एकदम मांडायची कल्पना तशी सगळ्यांचीच होती. या वहीची मागची पानं उलटून बघावं असं एकदा वाटलं, पण बसून वाचायला सवड कुठे आहे.

घनश्यामनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. तो साहेबांना एवढंच म्हणाला, "मले काढा, साहेब, पण खालची रांग कोणाकडून तरी वाचून घ्या. वरचं झालं हाये. कागद खालतीच हाये." साहेब म्हणाले, कोणत्या बस्त्यात काय आहे हे तुला आधीच ठाऊक, ते कसं?

त्याला आजच मोकळं केलं. जाताना तानबाजवळ खडूचा तुकडा देऊन गेला, मला द्या म्हणून. मी तो खिडकीतून फेकला. असला नाटकीपणा मला चिडवतो.

खूप डोकं दुखतं आहे. चूक नसताना माणसाचं डोकं का दुखावं.

१० जून

हुकूम आला. कुमारी नलिनी चंद्रभान ठाकरे, कनिष्ठ कारकून. मावशीनं दारात रांगोळी काढली. बाबांनी कळवलं की वडनेरच्यांना नकार दिला. मी जिंकले. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, आता राहू देते.

बडेबाबू आता मला पोरी म्हणत नाहीत, ठाकरेबाई म्हणतात.

११ जून

खालची रांग वाचून घ्यावी का, असं बडेबाबूंना विचारलं. विचारलं, हे इथं नोंदवून ठेवते. ते म्हणाले, "आता त्यातला कागद निघाला, तं साहेब विचारतीन, आदी काऊन नाई निघाला. मंग तुमी काय सांगान, ठाकरेबाई?"

काय सांगणार. शिवाय मुंबईचे साहेब चौदा तारखेला यायचे आहेत आणि सूची अजून अपुरी आहे.

१३ जून

आज भागाबाई आली. कारंज्यापर्यंत पायी, तिथून मोटारीनं. चेहरा काळाठिक्कर पडलेला. घनश्यामला शोधत होती. म्हटलं, तो इथं नाही. "गावी बी नाई आला," ती म्हणाली. तो कुठं गेला असेल ते मला ठाऊक नाही.

तिच्या अर्जाचं उत्तर मीच लिहायचं होतं. माझी पहिली सरकारी लिखापढी. चांगला कागद घेतला, समास सोडला, सावकाश लिहिलं. "मौजे उमरझरी येथील वहिवाटीचा कागद काळजीपूर्वक शोध घेतला असता दप्तरात आढळून येत नाही." बडेबाबूंनी सही केली, गोल शिक्का मारला. शिक्का छान उठला.

तिच्या हातात दिला. मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तिनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सापडला माय. सारे म्हणत, कचेरीतून काई मिळत नाई. म्या म्हटलं, तठी बाई माणूस हाये, थे पाहीन."

तिला वाचता येत नाही. हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तिनं कागद पदरात बांधला, दोन गाठी मारल्या. मग पिशवीतून पानाचा द्रोण काढला. वाळलेली मोहफुलं. "अंदाच्या सालचे नाई वो हे, गेल्या सालचे हायेत. अंदा वेचू नाई देल्ले. पुढच्या साली ताजे आणीन तुमच्यासाठी." मी नको म्हटलं. तिनं टेबलावर ठेवलेच. दारातून वळून म्हणाली, "सोमवारी पेशी झाली का येतो सांगाले."

ती रस्त्याला लागेपर्यंत मी खिडकीशी उभी होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक मारून सांगायचं काय? आर्वीला वकील असतील, ते वाचतील. साहेबांपुढे जाण्याआधी कोणीतरी वाचेलच. आणि मी लिहिलं त्यात एक शब्द खोटा नाही. आढळून आला नाही म्हणजे नाही. फक्त "काळजीपूर्वक" हा शब्द, पण तो सगळ्याच उत्तरांत असतो, तो नमुन्यातलाच आहे.

मोहफुलं मावशीला दिली. तिनं भाजली. वासानं घर भरलं. मी खाल्ली नाहीत, गोड नको वाटतं आजकाल.

१४ जून

तपासणी उत्तम झाली. मुंबईचे साहेब सूचीचं अक्षर पाहून थांबले आणि हे कोणी लिहिलं ते विचारलं. रेकॉर्डखोली इतकी व्यवस्थित जिल्ह्यात दुसरी नाही, असा शेरा दिला.

साहेब यायच्या आधी एक काम राहिलं होतं. वरच्या आणि मधल्या फळ्यांवर त्या खडूच्या फुल्या तशाच होत्या. खालची रांग कोरी. कोणी विचारलं असतं की हे काय, तर काय सांगितलं असतं? मी तानबाला ओलं फडकं आणायला सांगितलं. तो उभाच राहिला. म्हणाला, "बाई, हे पुसलं तं कुठलोक पाह्यलं होतं थे नाई समजणार." मी म्हटलं, म्हणूनच पूस.

त्याच्याकडून एका जागी नीट निघालं नाही, तर ते मीच पदरानं पुसलं. आता सगळे बस्ते सारखे दिसतात.